लुपेरोनच्या चिखलात किट्टीवेक

११ फेब्रुवारी

आजही नाही! माझा नवरा वेंडेल सकाळी वर आला, बोट चाटून हवेत धरलं, लांब कुठेतरी बघितलं आणि म्हणाला, "छे, वारा अजून पडलेला नाही." शेजारच्या बोटीवर वाळत घातलेले टॉवेल मेल्यासारखे लोंबत होते. मी खाली गेले. कॉफी केली.

१२ फेब्रुवारी

बंदर म्हणून डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या या लुपेरोनला नाव ठेवायला जागा नाही. चारी बाजूंनी खारफुटी. बाहेर काहीही चालू असो, आत पाणी हलत नाही. म्हणूनच आलेला माणूस इथून हलत नाही! तळाला गुडघ्याएवढा चिखल, आमच्या बोटीचा, किट्टीवेकचा, नांगर आपला दिवसेंदिवस खालीच चाललाय. पलीकडच्या पिवळ्या बोटीवरचा फ्रेंच म्हातारा आठवड्यासाठी आला होता म्हणे. आता त्याची नातवंडं गावातल्या शाळेत जातात.

आम्हाला जायचंय पूर्वेला, आणि हिवाळाभर वारा येतो तोही पूर्वेकडूनच, थेट तोंडावर. मधूनच एखाद-दोन दिवस तो पडतो. तेवढी उघाड गाठायची, संध्याकाळी नांगर उचलायचा आणि रात्रभर किनारा धरून सरकत राहायचं. आमच्या डोळ्यांदेखत अशा कितीतरी उघाडी आल्या आणि गेल्या. माणसं टाटा करून गेली. आम्ही टाटा करण्यात आता तरबेज झालोय.

जूनच्या आत ग्रेनडा गाठायला हवं. जूननंतर चक्रीवादळं. तोवर पोचलो नाही तर बोट जमिनीवर चढवायची आणि घरी, कॅनडात, नोव्हा स्कोशियाला परत. "पुढच्या वर्षी येऊ की," वेंडेल म्हणतो. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. पुढचं वर्ष कुणी बघितलंय!

१५ फेब्रुवारी

रोवीनाने विचारलं, "तुला एवढी घाई कसली गं, व्हर्ना?" ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. नर्स होती, नवरा गेल्यावर घर भाड्याने दिलं आणि आमच्याबरोबर आली. तिला कुठेही चालतं — पत्ते असले की झालं.

घाई कसली! सगळी नोकरी मी आमच्या गावच्या, लुनेनबर्गच्या पोरांना भूगोल शिकवण्यात घालवली. फळ्यावर नकाशा टांगायचा आणि काठीने दाखवायचं — हे डॉमिनिका, हे सेंट लुशिया, हे बेक्विया, हे ग्रेनडा. काठी पोचली सगळीकडे, मी कुठेच नाही. वडिलांचं मासेमारीचं जहाज होतं. सुकाणू धरायला त्यांनीच शिकवलं, पण खाडीच्या तोंडापर्यंत. पुढे मुलींना नेत नसत. भाऊ जायचे.

म्हणून ग्रेनडा. यात न कळण्यासारखं काय आहे?

१६ फेब्रुवारी

शेजारची हेटी रबरी होडीतून आल्याची बिस्किटं घेऊन आली. इंग्रज बाई, भारी प्रेमळ. माझा हात हातात घेऊन म्हणते, "यात लाज वाटण्यासारखं काही नाही हं."

कशात? मला वाटलं केसांबद्दल म्हणतेय. कात्रीने मीच कापलेत, आणि खरंच लाज वाटण्यासारखे कापलेत. बिस्किटं उत्तम होती.

१९ फेब्रुवारी

बोटीच्या बुडाला शिंपल्यांचा थर चढलाय. मी आणि रोवीनाने उडी मारून खरवडायला घेतलं. पाणी हिरवंकच्च, स्वतःचा हात दिसत नाही. वेंडेल वरून सूचना देत होता. कप्तान ना तो!

या बोटवाल्यांत एक चाल आहे. नवरा कप्तान. बायकोला सगळे लाडाने 'अ‍ॅडमिरल' म्हणतात. अ‍ॅडमिरल म्हणायचं आणि भांडी घासायला लावायची! मीही हसत आले इतकी वर्षं. वेंडेलचा कप्तानाचा कोर्स झालाय, प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लावून ठेवलंय. मी नुसती कोळ्याची पोर.

२४ फेब्रुवारी

धबधबे बघायला गेलो, दामाहाग्वाला. ठरवलं वेंडेलने. गच्च भरलेल्या टेम्पोसारख्या गाडीतून, माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी! डोक्याला हेल्मेट, अंगात फुगवलेली जाकिटं, आणि वरून खाली कुंडात उड्या. रोवीना एकाहत्तर वर्षांची, किंचाळत किंचाळत पहिली गेली. खाली पोचल्यावर दातांची कवळी तोंडात आहे का ते आधी चाचपलं.

मी कडेला उभी राहिले तर वाटाड्याने माझं कोपर धरलं. "दोन्या," इथे बाईमाणसाला आदराने तसंच म्हणतात, "तुम्ही बाजूच्या पायऱ्यांनी उतरा. साहेबांनी सांगितलंय."

काय सांगितलंय? मी त्याचा हात सोडवला आणि उडी टाकली. पाणी असलं गार की ओरडताही येईना. फार बरं वाटलं.

परत आलो तोवर संध्याकाळ. वारा साफ पडलेला. बंदराच्या तोंडातून तीन बोटी ओळीने बाहेर पडत होत्या. आम्ही ओल्या चपला हातात घेऊन धक्क्यावर उभे. "अरेरे, हुकली बघ!" वेंडेल म्हणाला.

२ मार्च

परवा सांतियागोची सहल झाली. आज कोकोचे मळे. हे सगळं वेंडेलने आखलेलं. मळा सुंदर होता, खोटं कशाला बोलू. म्हाताऱ्या मळेवाल्याने फळ फोडून आतला पांढरा गर चोखायला दिला. पण मन रमेना. परतताना पाहिलं — झाडाचं पान हलत नव्हतं.

दर वेळी उघाडीच्याच दिवशी सहल कशी येते?

४ मार्च

मनात आलेलं लिहून टाकते. या पानाशिवाय कुणाला सांगायचं?

वेंडेल घाबरलाय.

तुर्क्स बेटांवरून इकडे येताना रात्री वादळ अंगावर आलं. पाऊस आडवा. शीड फाटायला लागलं आणि वेंडेल सुकाणूला गच्च धरून उभा, पण हलेचना. मी हाका मारल्या. ऐकूच येत नव्हतं त्याला. शेवटी रोवीनाने त्याची बोटं एकेक करून सोडवली, खाली नेऊन बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. उजाडेपर्यंत सुकाणू माझ्याकडे होतं. वडिलांनी शिकवलेलं सगळं हातांना आपोआप आठवत होतं.

इथे पोचल्यावर त्या रात्रीचा विषय मी काढला नाही. रोवीनालाही गप्प केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस घाबरतो, त्यात काय! आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून वाट बघितली. त्याने सांगितलं असतं तर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले असते. खरंच बसले असते.

७ मार्च

विचारलं सरळ. "वेंडेल, तुला जायचं नाही का?"

"जायचंय तर! वारा—"

"वारा काल नव्हता."

"व्हर्ना, समुद्र म्हणजे शाळेचा नकाशा नव्हे."

मी भांडी घासली. अ‍ॅडमिरलने घासली.

९ मार्च

आल्या आल्या वही उघडली.

आज दुपारी मी आणि रोवीना युदेर्काच्या खानावळीत होतो. कपडे धुवायला टाकले की आम्ही तिथेच जेवतो — भात, घेवड्याची उसळ, तळलेली केळी. बंदरावरच्या सगळ्या दुकानांत असतो तसा तिच्याही फळीवर बोटींचा रेडिओ चालू असतो. कुणाला बर्फ हवा, कुणाला मेकॅनिक, सगळं त्यावर. सात-आठ बोटींतली माणसं जेवत होती, हेटीही.

एकदम रेडिओतून वेंडेलचा आवाज! आधी नुसता खोकला, मग बाटली उघडल्याचा आवाज. हे अधूनमधून कुणाचं ना कुणाचं होतं — हातातला माइक गादीवर टाकतात आणि त्यावरच बसतात. बटण दाबलेलं राहतं, आणि सगळं बंदर ऐकतं. बसणाऱ्याला मात्र काही ऐकू येत नाही. त्याला सांगायचं म्हटलं तरी मार्गच बंद! मागे एका जर्मनाचं सासूपुराण असंच ऐकलं होतं, हसून पुरेवाट झाली होती.

हेटीचा नवरा बॅसिल आमच्या बोटीवर गेला असणार. वेंडेल त्याला सांगत होता, "मी काय करू, बॅसिल? मी तर आज निघेन. पण व्हर्ना... तिला रात्रीचा समुद्र म्हटला की कापरं भरतं. त्या तुर्क्सच्या रात्री सुकाणू सोडून खाली जाऊन रडत बसली. घोंगडी पांघरून. मीच आणली बोट एकट्याने. आता पुन्हा तिला त्यातून कसं नेऊ? चाळीस वर्षांचा संसार आहे. तिच्यासाठी थांबायचं, दुसरं काय."

"मोठ्या मनाचा आहेस," बॅसिल म्हणाला.

सगळ्यांनी ताटात बघितलं. माझ्याकडे बघणारी एकटी हेटी — आणि ती कीव करत होती! आता कळलं आल्याची बिस्किटं कशाची होती. तो वाटाड्या कोपर का धरत होता. महिनाभर सगळं बंदर मला सांभाळत होतं!

रोवीना उठली. "अहो, हा माणूस धडधडीत—" मी तिचा हात दाबला. का दाबला? इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

युदेर्का फडकं घेऊन आली, पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं आणि हळूच म्हणाली, "दोन्या, ही थाळी माझ्याकडून."

लाजेने मेले नाही. रागाने मेले असते.

१० मार्च

काल संध्याकाळी वेंडेल शीळ घालत आम्हाला धक्क्यावर न्यायला आला. मला विचारलं, "जेवण काय होतं आज?"

सांगितलं — घेवडा.

११ मार्च

रोवीना म्हणते, "नाचता येईना आणि अंगण वाकडं, तशातली गत. आणि अंगण कोण, तर तू!" हसले. मग रडले. पुढच्या डोलकाठीपाशी बसून, त्याला दिसणार नाही असं. भित्रेपणाचं मला काही वाटत नाही. पण माझीच घोंगडी मला पांघरली की हो त्याने! नाही, माझी नाही. त्याची स्वतःची.

१३ मार्च

बोलले.

"वेंडेल, चार दिवसांपूर्वी तू रेडिओच्या माइकवर बसला होतास."

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मग विचारलं — काय विचारलं? "सगळ्यांनी ऐकलं?"

तू ऐकलंस का, नाही. तुला काय वाटलं, नाही. सगळ्यांनी ऐकलं का!

"जे ऐकलं ते त्यांना खरंच वाटलं," मी म्हटलं. "तू काळजी करू नकोस."

त्याला माझं बोलणं लागलंच नाही. सुटका झाल्यासारखा श्वास सोडला त्याने. तो श्वास मी विसरणार नाही.

मग तो रडला. म्हणाला, "मला झोप लागत नाही, व्हर्ना. डोळे मिटले की ते पाणी." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चाळीस वर्षांची पाठ. राग होता आणि हातही फिरत होता, दोन्ही एकदम. सांगितलं — तू येऊ नकोस. बोट मी आणि रोवीना पूर्वेकडच्या पुढच्या बंदरात, समानाला नेतो. तू बसने जा, धक्क्यावर भेट. त्यात काही कमीपणा नाही.

इतक्या पटकन हो म्हणाला! नंतर विचारतो, "पण इथे लोकांना काय सांगायचं?"

"पाठ धरली म्हण."

"कुणाची?"

"तुझी, वेंडेल! तुझी!"

१६ मार्च

वारा पडतोय. टॉवेल लोंबताहेत. नौदलाच्या कचेरीत गेले — त्यांनी परवाना दिल्याशिवाय इथून बोट हलवता येत नाही. कमांडर तरुण आहे, मिशी नुकतीच जमतेय.

"कप्तान कोण?"

"मी."

त्याने टाइप करायचं थांबवलं. "आणि साहेब?"

"साहेब बसने."

"शहाणा माणूस," तो म्हणाला. "माझी बायको सुकाणूवर असती तर मीही बसच पकडली असती." खो खो हसला. मग उभा राहिला आणि खरोखर सलाम ठोकला. "सांभाळून जा, कप्तानबाई."

नांगर वर यायला तयार नव्हता. चिखल सोडेना. मी आणि रोवीना घामाघूम. शेवटी आला तो काळ्या लोण्यात बुडवल्यासारखा. बंदराच्या तोंडाशी हेटी तिच्या बोटीवर उभी. ती ओरडली, "व्हर्ना! अगं, तू?" हात हलवायला माझे हात मोकळे नव्हते!

१८ मार्च, समुद्रावर

लिहायला वेळ नाही, लिहिल्याशिवाय राहवतही नाही. रोवीना झोपलीय. पहाट. रात्री डोंगरावरून गार हवा उतरते, ओल्या मातीचा आणि कुठेतरी जळणाऱ्या लाकडाचा वास आणते. काल अंधारात लाटा वाढल्या होत्या. भीती वाटली का? वाटली की! पण भीती वाटली आणि सुकाणूही धरलं. दोन्ही जमतं.

मघाशी देवमासा निघाला उजव्या हाताला. एवढा मोठा सुस्कारा! रोवीनाला उठवलं. ती म्हणाली, "माझा नवरा असाच घोरायचा," आणि पुन्हा झोपली.

पूर्ण आयुष्यात मी इतकी आनंदात नव्हते. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकबूल करता येणार नाही.

१९ मार्च, समाना

पोचलो! वेंडेल धक्क्यावर. दाढी केलेली, हातात लाल फुलं. दोर त्यानेच झेलला, खुंटाला बांधला. मला मिठी मारली ती मनापासून. "केलंस की गं पोरी!" म्हणाला. माझा राग निम्मा तिथेच उतरला. वाटलं, चला, सुटलो यातून. सगळेच.

संध्याकाळी तळलेला मासा आणला त्याने, नारळाच्या रसातला. तिघं जेवलो. खूप दिवसांनी तिघं हसलो.

२१ मार्च

वेंडेलने इथल्या धक्क्यावर जागा घेऊन टाकलीय. नोव्हेंबरपर्यंत! मला न विचारता. "बंदर छान आहे, व्हर्ना. देवमासे बघू. मोना सामुद्रधुनी वाईट, सगळेच सांगतात. पुढच्या वर्षी बघू."

पोर्तो रिकोला जायला मध्ये मोना. ती ओलांडली की पुढे बेटामागून बेट, थेट ग्रेनडापर्यंत. मी म्हटलं, "तू विमानाने ये. मी आणि रोवीना नेतो बोट, तसंच." तो म्हणाला, "एकदा झालं ते पुरे. लोक काय म्हणतील?"

२३ मार्च

पाणी भरायला नळावर गेले होते. शेजारच्या बोटीवरची एक अनोळखी बाई, अमेरिकन, मोठी टोपी. माझ्याकडे बघून चेहरा मऊ केला आणि जवळ आली.

"तुम्हीच व्हर्ना ना? तुमच्या मिस्टरांनी सांगितलं. इथवर बोट आणताना फार हाल झाले म्हणे तुमचे! मोना ओलांडायची नाही म्हणून त्यांनी ठरवलंय ते तुमच्यासाठीच. नशीबवान आहात हो. किती जपतात!"

बादली भरून वाहायला लागली. मी नळ बंद केला. तिला म्हटलं, "हो, जपतो."

बोटीवर आले. तो शब्दकोडं सोडवत होता. त्याने वर बघून विचारलं, "चहा करतेस?"

केला. त्याचा कप त्याच्यापुढे ठेवला. माझा घेतला नाही.

२५ मार्च

वारा पडायला लागलाय.

रोवीना पत्ते पिसत होती. मला म्हणाली, "कधी?" शाळेपासूनची आहे.

२८ मार्च, मायाग्वेझ, पोर्तो रिको

सकाळी नांगर टाकला. कस्टमची होडी आली. अधिकाऱ्याने बोटीचं नाव विचारलं, कप्तानाचं विचारलं, कुठून आलात विचारलं. मग पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "बोटीवर माणसं किती?"

म्हटलं, "दोन."